दप्तरातलं औषध

राष्ट्रीय जंतनाशक दिनी शिक्षक मुलांच्या हातावर अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी ठेवतात, ती आपल्यासमोर चावून खायला लावतात आणि नोंद करतात. आठवड्यातून एकदा लोहाची गोळी असते, लहान वर्गांना गुलाबी आणि सहावीपासून पुढे निळी. तीही उपाशीपोटी नाही, जेवणानंतर. ‘शाळेत आम्ही कुठलंच औषध देत नाही’ हे पालकांना ऐकवलं जाणारं वाक्य निदान सरकारी शाळांपुरतं तरी खरं नाही. शाळा औषध देते आणि ते बऱ्यापैकी नीट देते, कारण काय करायचं ते लिहून दिलेलं असतं. मूल त्या दिवशी आजारी असेल किंवा त्याला दुसरं औषध चालू असेल तर जंताची गोळी द्यायची नाही, बरं झाल्यावर द्यायची. गोळी घरी पाठवायची नाही. जास्त त्रास झाला तर 108 ला फोन करायचा. यात शिक्षकाला डॉक्टर व्हावं लागत नाही. हीच शिस्त एकेकट्या आजारी मुलाच्या औषधाला का लावू नये?

आज त्या मुलाचं काय होतं पाहा. सकाळी अंग गरम लागलं म्हणून आई पॅरासिटामॉल देते, तासाभरात ताप उतरतो, मूल शाळेत जातं. या औषधाचा असर चार ते सहा तासांचा, त्यामुळे मधल्या सुट्टीच्या सुमारास मूल पुन्हा तापतं आणि बाकावर डोकं ठेवतं. दप्तरात सिरपची बाटली असते आणि ‘बाईंना सांग, एक चमचा द्यायला’ एवढाच निरोप. सकाळचा डोस किती वाजता झाला, हे बाईंना कोण सांगणार? शिवाय हे सिरप दुकानात वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. एका बाटलीतल्या पाच मिलिलिटरमध्ये जेवढं औषध, त्याच्या दुप्पट दुसरीत असू शकतं, आणि मुलाचा डोस ठरतो तो वजनावर. ‘एक चमचा’ हे माप म्हणूनच धोक्याचं. बाईंनी दयेपोटी दिलं तर जोखीम त्यांची, नाही दिलं तर हाल मुलाचे. दोन्ही वेळा गैरहजर असतो तो एक कागद: मुलाचं नाव, औषधाचं नाव, मात्रा, वेळ, पालकांची सही.

खरं तर बहुतेक औषधं शाळेपर्यंत यायचीच गरज नसते. दिवसातून तीनदा घ्यायचं अँटिबायोटिक सकाळी, शाळेतून आल्यावर आणि झोपताना देता येतं का, एवढं डॉक्टरांना विचारलं तरी निम्मा प्रश्न घरीच सुटतो. आणि ज्या मुलाला उभं राहायला तापाचं औषध लागतं, त्याची जागा त्या दिवशी घरी आहे. औषध न घेता 24 तास ताप आला नाही की शाळा, हा बऱ्याच ठिकाणी रूढ असलेला साधा नियम आहे. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत थांबायचं, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच. उलट नुसतं नाक वाहतंय किंवा डोक्यात उवा झाल्यात म्हणून मुलाला परत पाठवण्यात काही अर्थ नाही. उवांपायी बुडालेली शाळा हा नुसता अपमान आहे.

यावर येणारा आक्षेप खरा आणि बोचरा आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या आईनं घरी बसायचं कसं? मूल घरी राहिलं तर शाळेतलं दुपारचं जेवणही बुडतं. म्हणूनच घरी ठेवण्याचे नियम मोजके आणि नेमके हवेत. सरसकट ‘आजारी मुलांना पाठवू नका’ असं फळ्यावर लिहिलं तर सगळा भार गरिबावरच पडतो. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मात्र आजच बंद करावं. तापलेल्या मुलाला वर्गात आणून बसवण्याचंच ते बक्षीस आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा: आधीच इतकी कामं, त्यात हे, आणि काही बरंवाईट झालं तर आम्हीच अडकणार. भीती रास्त आहे, पण ‘औषधाला हात लावू नका’ या फतव्यानं ती जात नाही, कारण फिट, दमा किंवा साखर उतरणं शाळेची परवानगी घेऊन येत नाही. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्यानं आजारी विद्यार्थ्यांच्या मदतीची जबाबदारी शाळेवर टाकली, पण कुणा एका शिक्षकावर औषध देण्याची सक्ती केली नाही. जबाबदारी संस्थेची, हात तयारी दाखवणाऱ्याचा आणि तोही शिकवून तयार केलेला. ही वाटणी आपल्यालाही पेलण्यासारखी आहे. आपल्याकडे राष्ट्रीय बाल हक्क आयोगानं 2023 मध्ये टाइप 1 मधुमेहाच्या मुलांबद्दल राज्यांना लिहिलं, की डॉक्टरांचा सल्ला असेल तर मुलाला वर्गातही साखर तपासू द्या, इन्शुलिन घेऊ द्या, मधलं खाणं खाऊ द्या. यात शिक्षकाकडून मागितलंय ते फक्त अडवू नका एवढंच. त्यापुढची दोन-तीन कौशल्यं एका दुपारी शिकवता येतात. घाम सुटून थरथरणाऱ्या मधुमेही मुलाला शुद्धीवर असेपर्यंत लगेच साखर द्यायची. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही. फिट आलेल्या मुलाला कुशीवर वळवायचं, घड्याळ पाहायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर 108. कांदा आणि चप्पल हुंगवायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही.

राहिला प्रश्न औषधं ठेवायची कुठे हा. गोळ्या-सिरप कार्यालयात कुलपात ठेवावीत, हे बरोबर. दम्याचा, धाप लागताच ओढायचा पंप मात्र त्याला अपवाद हवा. तो मुलाच्या दप्तरात किंवा वर्गशिक्षिकेच्या हाताशी असावा, कारण मुलाला धाप लागलेली असताना कपाटाची किल्ली ज्या कारकुनाकडे असते, तो नेमका बँकेत गेलेला असतो.