शाबूत दिसणारी फाइल

नोएडात राहणाऱ्या एका वाचक बाईंचं पत्र आलं आहे. दाढेचं रूट कॅनाल चालू असताना मूळ आतून खरवडायची सुई, म्हणजे फाइल, तुटली आणि तुकडा मुळाच्या आतच राहिला. त्या विचारतात, ‘एवढी धातूची सुई दातात मोडतेच कशी? आणि आता त्या तुकड्याचं काय?’ प्रश्न डोंबिवलीत किंवा कोल्हापुरातही पडतो, म्हणून इथेच उत्तर देतो.

आधी सुईची जाडी पाहा. २५ नंबरच्या फाइलचं टोक पाव मिलिमीटरचं असतं. एवढ्या बारीक पात्याला दाढेच्या वाकड्या मुळात शिरून भिंती खरवडायच्या असतात. १८३८ मध्ये एडवर्ड मेनार्ड या अमेरिकी दंतवैद्याने घड्याळाची स्प्रिंग घासून असलं पहिलं हत्यार बनवलं, असं मानतात. (हाच माणूस पुढे बंदुकांच्या शोधांसाठी गाजला!) पुढे स्टेनलेस स्टील आलं. पण जाड स्टील ताठ असतं. वळणावर ते वळत नाही, सरळ घुसून भिंतीत खाच पाडतं.

मग आला निटिनॉल, म्हणजे निकेल आणि टायटेनियमचा मिश्रधातू. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी तो क्षेपणास्त्रांच्या कामासाठी हाताळला होता. एका बैठकीत त्याची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत असताना डेव्हिड मझी यांनी तिला पाइपच्या लायटरची आच दिली आणि पट्टी आपोआप सरळ झाली. हा किस्सा सगळीकडे सांगितला जातो. हरमीत वालिया यांचं नाव मात्र क्वचितच निघतं. १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टाइन यांनी दात सरळ करायच्या निटिनॉल तारेतूनच १५ नंबरच्या फाइल कोरल्या. तेवढ्याच स्टीलच्या फाइलपेक्षा त्या दोन ते तीन पट लवचीक निघाल्या आणि पीळही जास्त सोसू शकल्या. आज मोटरवर फिरणारी प्रत्येक निटिनॉल फाइल त्या प्रयोगाची ऋणी आहे. माझ्या मते मानाचं पान वालियांना मिळायला हवं.

लवचीक असूनही ती तुटते, ती दोन वाटांनी. टोक मुळात अडकलं आणि वर मोटर फिरत राहिली, तर फाइल पिळवटून तुटते. धार बोथट झाली की हे जास्त घडतं, कारण कापत नाही म्हणून हात आणखी दाबतो. यात बऱ्याचदा आधी पात्याचा पीळ उलगडलेला दिसतो, म्हणजे इशारा मिळतो. दुसरी वाट थकव्याची. तार तोडायला आपण ती एकाच जागी पुढे-मागे वाकवतो, तसंच वळणात फिरणाऱ्या फाइलचं होतं. प्रत्येक फेऱ्यात पात्याची एक बाजू एकदा ताणली जाते, एकदा दाबली जाते. मिनिटाला ३०० फेरे धरले तर सेकंदाला ५ वेळा! कोरताना पृष्ठभागावर राहिलेल्या सूक्ष्म चरांतून तडा सुरू होतो आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

मेलबर्नच्या संशोधकांनी २००० मध्ये दंतवैद्यांनी टाकून दिलेल्या ३७८ फाइल तपासल्या. २१ टक्के तुटलेल्या होत्या आणि आणखी २८ टक्क्यांत इतर दोष होते. तुटलेल्यांपैकी ५५.७ टक्के पिळाने गेल्या होत्या, ४४.३ टक्के थकव्याने. म्हणजे ‘भिंगाखाली पाहिली, चांगली दिसली’ एवढ्यावर फाइल पुन्हा वापरणं धोक्याचं आहे. ऑटोक्लेव्ह जंतू मारतो, तडा बुजवत नाही. उष्णतेची खास प्रक्रिया केलेल्या नव्या फाइल थकवा जास्त सोसतात हे खरं, पण ‘न तुटणारी’ अशी जाहिरात कुणी केली तर विश्वास ठेवू नका.

इंग्लंडने २००७ मध्ये फाइल एकदाच वापरण्याची सूचना काढली. तिथे कारण प्रिऑनच्या, म्हणजे रोग पसरवणाऱ्या प्रथिनांच्या, संसर्गाचं होतं. आपल्याकडे फाइल अनेकदा वापरल्या जातात. निदान कोणती फाइल किती दाढांत फिरली याची नोंद ठेवायलाच हवी. वाकड्या मुळात राबलेली फाइल तर लगेच टाकावी.

आता त्या तुकड्याबद्दल. २००५ च्या एका अभ्यासात तुकडा राहिलेले ९१.८ टक्के दात बरे झाले, तुलनेसाठी घेतलेल्या दातांत हे प्रमाण ९४.५ टक्के होतं. जंतू किती साफ झाले होते, यावर बरंच अवलंबून असतं. त्यामुळे बाई, घाबरू नका. तुमच्या डॉक्टरांनी तुकड्याची गोष्ट लपवली नाही, हे चांगलंच केलं. एक्स-रेची प्रत मागून घ्या, तुकडा मुळात किती खोल आहे ते विचारा आणि ठरलेल्या वेळी पुन्हा एक्स-रे काढायला नक्की जा.