जागा बधिर करण्याचे इंजेक्शन : पशुपालकाने काय जाणून घ्यावे?



वासराच्या शिंगाचे कोंब जाळायचे असोत, बैलाच्या खांद्यावरचे आवाळू काढायचे असो, तारेने फाटलेली म्हशीची सड शिवायची असो, की गाईच्या पोटातले प्लॅस्टिक काढायचे असो, डॉक्टर आधी त्या जागी इंजेक्शन देतात आणि थोडा वेळ थांबतात. जनावर उभे असते, कान हलवीत असते, कधी कधी रवंथही करीत असते. पण कापलेल्या जागेची त्याला कळ लागत नाही. पुष्कळ जण याला ‘भूल दिली’ असे म्हणतात. खरे पाहता ही पूर्ण भूल नव्हे. जनावर शुद्धीवर असते, फक्त तेवढी जागा बधिर झालेली असते.

गाईबैलांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांत ही पद्धत अधिक सोयीची पडते. पूर्ण भूल देऊन जनावर आडवे केले की पोट फुगते, पोटातला चारापाणी उलटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. म्हणून पोटाची मोठी शस्त्रक्रियासुद्धा पुष्कळदा जनावर उभे ठेवून, कूस बधिर करून केली जाते.

इंजेक्शन देणे हे पशुवैद्यकाचे काम आहे, आपले नव्हे. पण जनावर आपले आहे. औषध कोणते, किती आणि कुठे, हे जाणणारा मालक शेजारी उभा असला तर जनावराचा जीव वाचतो. विशेषतः शेळ्या-करडांच्या बाबतीत हे फार खरे आहे. कसे ते पुढे पाहू.

औषध काम कसे करते?

या कामासाठी बहुधा ‘लिग्नोकेन’ हे औषध वापरतात. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केले. दुखल्याची खबर नसांमधून मेंदूकडे जाते. लिग्नोकेन ही खबर वाटेतच अडवते. पाटाचे दार लावले की पुढच्या वाफ्यात पाणी जात नाही, तसेच हे. काही वेळाने औषध रक्तात मिसळून निघून जाते आणि दार पुन्हा उघडते. साध्या लिग्नोकेनचा परिणाम साधारण तास-दीड तास टिकतो.

इंजेक्शन दिल्याबरोबर जागा बधिर होत नाही. कातडीखाली दिले तर काही मिनिटे, आणि नसेजवळ दिले तर दहा-पंधरा मिनिटे लागतात. म्हणून “डॉक्टर, उरका की लवकर” अशी घाई करू नये. डॉक्टर सुईचे टोक टोचून पाहतील. जनावराने अंग चोरले नाही, म्हणजे जागा बधिर झाली असे समजावे.

जिथे पू झाला आहे, जागा लाल होऊन तापली आहे, तिथे हे औषध नीट लागू पडत नाही. अशा वेळी “आणखी थोडे द्या” असा आग्रह नको. डॉक्टर त्या जागेपासून दूर, चांगल्या भागात औषध देतील किंवा दुसरा मार्ग काढतील.

दोन बाटल्या, दोन औषधे

लिग्नोकेनच्या बाटल्या दोन तऱ्हेच्या मिळतात. एक साधी, दुसरीत ‘ॲड्रिनलीन’ मिसळलेले असते. बाटल्या दिसायला सारख्या असल्या तरी काम सारखे नाही.

ॲड्रिनलीन हा मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीत तयार होणारा स्राव होय. बैल बुजला की त्याचे काळीज धडधडते, ते याच्यामुळेच. बाहेरून टोचले असता ते त्या जागेच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून धरते. त्यामुळे रक्त कमी वाहते, लिग्नोकेन तिथेच अडकून राहते आणि बधिरपणा जास्त वेळ टिकतो.

हा झाला फायदा. पण रक्तवाहिन्या आवळल्या म्हणजे त्या भागाला रक्त कमी मिळणार. मांसल जागी आजूबाजूने रक्त येत राहते, म्हणून निभावून जाते. सड, शेपटी, कान, पायाचा खालचा भाग हे मात्र शेवटची टोके आहेत. शेताच्या शेवटच्या सऱ्यांसारखे यांना पाणी एकाच वाटेने मिळते. तीच वाट बंद झाली तर भाग थंड पडतो, काळा पडतो, सडूही शकतो. दुभत्या म्हशीची एक सड गेली, तर नुकसान किती होते ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून सड, शेपटी, कान व पाय येथे साधे लिग्नोकेनच वापरतात. अंग बाहेर आलेल्या गाईला शेपटीच्या मुळाशी, मणक्याच्या फटीत इंजेक्शन देतात, तिथेही साधेच. पायाला दोरी आवळून शिरेतून औषध देण्याची एक पद्धत आहे; तिच्यात तर ॲड्रिनलीनची बाटली कधीच चालत नाही.

दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली आणि औषध तुम्हीच दुकानातून आणणार असाल, तर चिठ्ठीत लिहिले आहे तेच आणा. “तेच आहे हो, हे जास्त वेळ टिकते” असे दुकानदाराने सांगितले, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करू नका.

आकड्यांचा घोळ समजून घ्या

बाटलीवर ‘१ : २,००,०००’ असा आकडा दिसतो. याचा अर्थ, दोन लाख मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम ॲड्रिनलीन. ॲड्रिनलीनची लहान काचेची कुपी वेगळी मिळते. तिच्यावर ‘१ : १,०००’ असते, म्हणजे एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम. आकडा मोठा तितके औषध सौम्य, आकडा लहान तितके औषध जहाल. ही कुपी बाटलीतल्या मिश्रणापेक्षा दोनशे पट तीव्र असते. साध्या लिग्नोकेनमध्ये अंदाजाने कुपी फोडून घालण्याचा उद्योग कोणीही करू नये. त्याने जनावराचे काळीज थांबू शकते.

मग ती कुपी असते कशासाठी? पेनिसिलीनचे इंजेक्शन किंवा लस टोचल्यावर क्वचित एखाद्या जनावराला ती सोसत नाही. थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, पापण्या व तोंड सुजते, धाप लागते, जनावर कोसळते. अशा वेळी डॉक्टर ॲड्रिनलीन देतात आणि ते प्राण वाचवते. मात्र तेव्हाही मात्रा वजन पाहूनच ठरवतात. म्हणून लस टोचल्यावर जनावर लगेच रानात सोडू नये. निदान अर्धा तास डोळ्यांसमोर बांधावे, आणि डॉक्टरांची गाडी निघण्याआधी एकवार सगळ्या जनावरांवर नजर टाकावी.

करडाचा हिशेब वेगळा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गाईच्या एका शिंगाची नस बधिर करण्यास ५ ते १० मिलिलिटर औषध लागते. हे पाहिलेला माणूस करडालाही “दोन-अडीच मिली टाकू” म्हणतो. आणि करडू हातात तडफडून मरते.

हिशेब असा आहे. दोन टक्के लिग्नोकेनच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते. शेळ्या-मेंढ्यांना एक किलो वजनामागे सुमारे ५ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात.

• ३०० किलोची गाय : दोन्ही शिंगांना मिळून २० मिली दिले, तर ४०० मिलिग्रॅम झाले. एका किलोला दीड मिलिग्रॅमसुद्धा पडत नाही. भरपूर वाव आहे.

• ४ किलोचे करडू : मर्यादा ४ गुणिले ५, म्हणजे २० मिलिग्रॅम. म्हणजे सगळ्या अंगाला मिळून अवघे १ मिली! दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मिली दिले, तर १०० मिलिग्रॅम झाले, मर्यादेच्या पाचपट.

त्यात आणखी एक भेद आहे. गाईच्या शिंगाला मुख्यतः एक नस पुरवठा करते, शेळीच्या शिंगाला दोन. म्हणजे करडाला चार ठिकाणी टोचावे लागते. म्हणून जाणते डॉक्टर १ मिली औषधात १ मिली निर्जंतुक सलाइन मिसळून ते पातळ करतात आणि चारही ठिकाणी अर्धा-अर्धा मिली देतात. औषध तेवढेच राहते, पण पसरते चांगले.

कुत्र्याने फाडलेली शेळी शिवतानाही हाच धोका असतो. जखमा अनेक, प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे औषध, आणि बेरीज कोणी करीत नाही. तुम्ही शेजारी उभे राहून सरळ विचारा, “डॉक्टरसाहेब, एकूण किती झाले?” चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

वजन अंदाजाने सांगू नका

करडू पोत्यात घालून ताणकाट्याला अडकवा, किंवा त्याला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि आपले वजन वजा करा. मोठ्या जनावरासाठी टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, हे झाले किलोतले वजन. उदाहरणार्थ, घेर ६० इंच, लांबी ५२ इंच असल्यास वजन सुमारे २८४ किलो भरते.

इंजेक्शनच्या वेळी तुमचे काम

१. जनावर घट्ट धरा. ते हलले तर सुई शिरेत जाऊ शकते. डॉक्टर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येते का ते पाहतात. तेवढा अवधी त्यांना मिळाला पाहिजे.

२. जनावर गाभण आहे का, आजारी आहे का, पूर्वी कोणते औषध बाधले होते का, हे आधीच सांगा. चारापाणी किती वेळ बंद ठेवायचा तेही विचारून घ्या.

३. उन्हात पळवून आणलेले, बुजलेले जनावर आधी सावलीत शांत होऊ द्या.

४. शेपटीच्या मुळाशी इंजेक्शन असेल तर मागचे पाय लुळे पडण्याचा संभव असतो. गोठ्याची फरशी ओली, निसरडी नको. खाली माती किंवा भुसा टाका.

५. औषधाची कुपी तपकिरी किंवा गुलाबी पडली असेल, तारीख उलटून गेली असेल, तर वापरू देऊ नका. ॲड्रिनलीन उजेडाने व उष्णतेने बिघडते. ते खिडकीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये.

६. झटापटीत ॲड्रिनलीनची सुई तुमच्याच बोटात शिरली आणि बोट पांढरेफटक, थंड पडले, तर तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हळद लावून बसू नका.

धोक्याची चिन्हे

औषध जास्त झाले किंवा शिरेत गेले तर जनावर आधी अस्वस्थ होते. कातडी, ओठ, पापण्या फडफडतात, लाळ गळते, झोक जातो. मग झटके येतात आणि श्वास मंदावतो. पहिले चिन्ह दिसताच डॉक्टरांना सांगा. डॉक्टर निघून गेले असतील तर त्यांना लगेच फोन करा, किंवा फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक फिरवा. तोवर जनावर छातीवर बसते ठेवा, एका कुशीवर आडवे पडू देऊ नका. मान सरळ ठेवा, सावली करा, भोवतालची गर्दी हटवा. तोंडात काहीही ओतू नका. बांबूच्या नळीने पाजलेले गूळपाणी किंवा तेल अशा वेळी सरळ फुफ्फुसात जाते.

बधिरपणा उतरल्यावर

तास-दोन तासांनी कळ सुरू होते. जनावर खात नाही, डोके झाडते, दात खाते. त्यासाठी डॉक्टरांकडून वेदनाशामक घ्या. मेलॉक्सिकॅम हे औषध जनावराला चालते आणि गिधाडांनाही बाधत नाही. डायक्लोफेनॅकने गिधाडे मेली, म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. घरातली माणसांची गोळी जनावराला देऊ नका. दूध किती दिवस डेअरीला घालायचे नाही, तेही विचारून घ्या. जखमेवर माशी बसू देऊ नका. जमल्यास कोंब जाळण्याचे काम पावसाळ्यात टाळा, आणि वासरू काही आठवड्यांचे असतानाच ते उरकून घ्या. करडाची कवटी पातळ असते, त्याचे काम जाणत्या हातानेच व्हावे.

कोणी म्हणेल, “आमच्या आज्याने बैल ठेचले, शिंगे कापली, कधी सुई लावली नाही.” खरे आहे. तेव्हा औषध नव्हते, आता आहे. मुक्या जनावराला विनाकारण यातना देण्यास १९६० च्या कायद्यानेही मनाई आहे. आणि १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार जनावरांचे उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाचे आहेत. गावातल्या ‘सुई मारणाऱ्या’ हौशी माणसाच्या हाती ही बाटली देऊ नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

• सड, शेपटी, कान, पाय : ॲड्रिनलीन नको.
• आधी वजन, मग मात्रा. चार किलोच्या करडाला एकूण एक मिली, त्यापुढे नाही.
• टोचल्यावर दहा मिनिटे थांबा.
• फडफड, लाळ, झोक : डॉक्टरांना तात्काळ कळवा, तोंडात काही घालू नका.

हे पत्रक गोठ्याच्या दाराला अडकवून ठेवा. शेजाऱ्याकडे शेळ्या असतील तर त्यालाही वाचून दाखवा.

— कृषी विस्तार अधिकारी