वैद्यकीय महाविद्यालयाची निवड : ताण आणि कार्य-जीवन समतोल
(यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

2016 पासून वैद्यकीय प्रवेश 'नीट' या देशव्यापी परीक्षेच्या आधारे होतात. निकालानंतर विद्यार्थ्याला अल्पावधीत महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्षाची आंतरवासिता आणि शासकीय महाविद्यालयात शिकल्यास एक वर्षाची बंधपत्रित सेवा असा सुमारे सात वर्षांचा काळ या निर्णयाशी बांधलेला असतो. तथापि गतवर्षीचे कट-ऑफ, शुल्क आणि संस्थेचा लौकिक यांपलीकडे विचार क्वचितच होतो. विद्यार्थ्यावर पडणारा ताण आणि तो पेलण्याची तेथील व्यवस्था हाही निवडीचा निकष का असावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप :

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधीचा अहवाल 2024 मध्ये सादर केला. त्यासाठीच्या ऑनलाइन सर्वेक्षणातील 25,590 पदवी विद्यार्थ्यांपैकी 27.8 टक्के विद्यार्थ्यांनी आपणास मानसिक आजार असल्याचे नमूद केले. आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण पदवी स्तरावर 16.2 टक्के, तर पदव्युत्तर स्तरावर 31.2 टक्के होते. सर्वेक्षणातील सहभाग ऐच्छिक असल्याने ही टक्केवारी सर्व विद्यार्थ्यांना जशीच्या तशी लागू करता येणार नाही. परंतु प्रश्नाचे गांभीर्य तीतून निश्चितच स्पष्ट होते.

कामाच्या तासांचा प्रश्न जगभर चर्चिला गेला आहे. अमेरिकेत 2003 मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला सरासरी 80 तासांची मर्यादा घालण्यात आली. भारतात केंद्र शासनाच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम सामान्यतः 12 तासांहून अधिक नसावे, असे म्हटले होते. उपरोक्त कृतिदलाने आठवड्याला कमाल 74 तास आणि एक साप्ताहिक सुटी यांची शिफारस केली. नियम आणि प्रत्यक्ष यांतील अंतर मात्र महाविद्यालयागणिक बदलते.

यवतमाळचा संदर्भ :

यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 मध्ये सुरू झाले. 16 तालुके आणि 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 27.72 लक्ष लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यातील गंभीर रुग्णांचा मोठा आधार म्हणजे त्याला संलग्न रुग्णालय होय. 2017 च्या फवारणी हंगामात कीटकनाशकाच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या काळात विषबाधितांच्या उपचाराचा मोठा भार याच रुग्णालयावर पडला होता.

येथे एक महत्त्वाचा विरोधाभास लक्षात येतो. रुग्णांची जी गर्दी विद्यार्थ्याला निष्णात करते, तीच त्याला थकवतेही. म्हणून केवळ 'काम कमी' असलेले महाविद्यालय चांगले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. रुग्ण तुरळक असलेल्या ठिकाणी हात बसत नाही आणि पुढे अपुऱ्या आत्मविश्वासाचा ताण उद्भवतो. कामानंतर विश्रांती मिळते काय आणि अडचणीच्या वेळी वरिष्ठ जवळ असतात काय, हेच निर्णायक होय.

संस्थेची जीवनपद्धतीही तितकीच महत्त्वाची असते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात 1969 मध्ये स्थापन झालेल्या सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत खादी आणि ग्रामसेवा हा शिस्तीचा भाग आहे. ही साधी राहणी एखाद्यास मनःशांती देईल, तर दुसऱ्यास जाचक वाटेल. भाषेचेही तसेच आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजी ग्रंथ प्रारंभी कठीण जातात. मात्र वऱ्हाडी, बंजारा किंवा गोंडी बोलणाऱ्या रुग्णाशी संवाद साधताना स्थानिक विद्यार्थ्याचा भार हलका होतो.

निवडीपूर्वी विचारावयाचे प्रश्न :

1. वसतिगृहात जागा मिळते काय व ते रुग्णालयापासून किती दूर आहे?
2. आंतरवासितांना रात्रपाळीनंतर विश्रांती मिळते काय?
3. मार्गदर्शक शिक्षक नेमलेले असून ते खरोखर भेटतात काय?
4. समुपदेशनाची सोय आहे काय व तेथे गोपनीयता पाळली जाते काय?
5. रॅगिंगच्या तक्रारीची दखल कितपत तत्परतेने घेतली जाते?
6. संकटप्रसंगी विद्यार्थी घरी किंवा पालक महाविद्यालयात किती वेळात पोहोचू शकतात?

यांची उत्तरे माहितीपत्रकात सापडत नाहीत. ती तेथे शिकत असलेल्या विद्यार्थ्यांकडूनच मिळतात.

निष्कर्ष :

2024 मध्ये अमरावती, वाशीम व हिंगोली येथे नवीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाल्याने यवतमाळच्या विद्यार्थ्यांपुढील पर्याय वाढले आहेत. त्याचबरोबर समुपदेशनाची गरजही वाढली आहे. कनिष्ठ महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी पसंतीक्रम भरण्यापूर्वी माजी विद्यार्थी व पालक यांचा मेळावा घेतल्यास उपरोक्त प्रश्नांची उत्तरे विनाखर्च उपलब्ध होतील. प्रवेशानंतरही विद्यार्थ्याशी संपर्क ठेवणे आणि 'टेली-मानस' या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक त्यास माहीत करून देणे अगत्याचे आहे. गुणांनी प्रवेश मिळतो. परंतु तो निभावण्यासाठी झोप, सोबत आणि वेळीच मदत मागण्याची मोकळीक आवश्यक असते. महाविद्यालयाची निवड करताना या बाबींना गुणांइतकेच स्थान मिळणे इष्ट होय.