मातीविना फुलझाडे : पडवीतील पाण्याची बाग

वेदीवर आणि आपल्या मृतांच्या थडग्यावर ठेवायची फुले घरची असावीत असे प्रत्येक कुटुंबाला वाटते. पण खानापूरकडच्या पावसात ही इच्छा बहुधा मनातच राहते. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनासाठी झेंडू हवा असेल तर बी ऑगस्टच्या अखेरीस पडले पाहिजे, आणि नेमके त्याच दिवसांत वाफ्यात पाणी साचते. रोपे दोन पानांची होतात न होतात तोच मातीलगत देठ काळा पडून कोलमडतात. मग बाजार गाठावा लागतो. दसरा-दिवाळीच्या त्या दिवसांत झेंडूचा भाव काय असतो, हे आम्ही सांगायला नको.

यावर एक उपाय असा, की रोपे वाफ्यात न करता घरात, पडवीत, आणि तीही मातीशिवाय करावीत. याला हायड्रोपॉनिक्स म्हणतात. पाणी आणि श्रम या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव झाले व अमेरिकेतील गेरिक या शास्त्रज्ञाने ते १९३७ मध्ये प्रसिद्ध केले. कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. १६९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्ड यांनी पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवून पाहिली, तेव्हा स्वच्छ पाण्यापेक्षा माती कालवलेल्या पाण्यात ती अधिक वाढली. पुढे १८६० च्या सुमारास जर्मनीतील सॅक्स व क्नॉप यांनी दाखवून दिले की झाडाला मातीतले क्षार लागतात, खुद्द माती नव्हे. आपल्या देशातही हे काम झालेले आहे. शोल्टो डग्लस यांनी १९४६ मध्ये कालिंपाँगला खडी आणि खत यांवर, पंपाशिवाय चालणारी पद्धत बसवली. तेव्हा हे श्रीमंतांचे किंवा परदेशी खूळ आहे असे कोणी समजू नये.

माती झाडाला आधार देते, पाणी धरून ठेवते, क्षार पुरवते आणि मुळांना हवा देते. यातले शेवटचे काम आपण विसरतो. पावसाळी वाफ्यातले रोप जास्त पाण्याने मरते असे आपण म्हणतो, वास्तविक पाणी साचून मुळांना हवा मिळत नाही म्हणून ते दुबळे होते आणि मग बुरशी त्याला गाठते. पाण्यातल्या बागेतही सगळे यश या हवेवर अवलंबून आहे.

आधी रोपांचे पाहू. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावा, कारण त्यात मीठ असते. नंतर त्यावर उकळते पाणी ओतून तो निवू द्यावा व मुठीत दाबला असता पाणी टपकणार नाही इतकाच ओला ठेवावा. प्रो-ट्रेमध्ये किंवा तळाला भोके पाडलेल्या कपांत तो भरून झेंडूचे बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकावे. ४ ते ७ दिवसांत ते उगवते. झिनियाला मुळे हलवलेली खपत नाहीत, म्हणून तिचे बी ज्या कपात झाड वाढवायचे त्यातच टाकावे. पिटुनियाचे बी धुळीसारखे असते, एका ग्रॅममध्ये सुमारे १० हजार. ते वरच पसरावे, झाकू नये, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. जुने बी असेल तर आधी २० दाणे ओल्या फडक्यात बांधून किती उगवतात ते पाहावे. पहिले सात-आठ दिवस खत मुळीच देऊ नये, बी आपली शिदोरी बरोबर घेऊन आलेले असते.

खरी पाने फुटली की रोप डब्यावर चढवावे. गोडेतेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन साबणाने स्वच्छ धुऊन बाहेरून काळा रंगवावा किंवा गोणपाटात गुंडाळावा. पाण्यावर उजेड पडला की शेवाळ धरते. तोंडाशी भोकांचा कप घट्ट बसवून त्यात भुशासकट रोप ठेवावे. खताचे पाणी कपाच्या तळाला जेमतेम लागेल इतके भरावे. झाड पाणी पिऊ लागले की पातळी खाली जाते आणि मध्ये हवेची पोकळी तयार होते. त्या पोकळीत मुळांना बारीक लव फुटते. ती मुळे हवा घेतात आणि खालची मुळे पाणी घेतात. हवाई विद्यापीठातील क्रॅट्की यांनी प्रसिद्ध केलेली ही रीत आहे. पुढे पाणी घालताना डबा पुन्हा काठोकाठ भरू नये, निम्म्यापर्यंतच भरावा, नाहीतर हवेतली मुळे बुडून झाड दोन दिवसांत मान टाकते.

खताच्या पाण्यासाठी १० लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ८ ग्रॅम, १३:०:४५ हे खत ४ ग्रॅम, ०:५२:३४ हे २ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम घ्यावे. लोह असलेले सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण पाकिटावर लिहिल्याप्रमाणे घालावे. ही सर्व खते ठिबकसाठी दुकानात मिळतात. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या भांड्यात विरघळवून सर्वांत शेवटी भरपूर पाण्यात मिसळावे. इतर खतांशी ते घट्ट स्वरूपात एकत्र केले तर पांढरा साका बसतो आणि तो साका झाडाच्या उपयोगाचा नसतो. लहान रोपांना हेच पाणी निम्मे पातळ करून द्यावे. १९:१९:१९ स्वस्त पडते खरे, पण त्यात युरिया असतो. युरियाचे रूपांतर करणारे जीवाणू मातीत असतात, डब्यातल्या पाण्यात फारसे नसतात. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर पागोळीचे पाणी गाळून वापरावे.

उजेड कमी पडला तर रोपे लांबट आणि फिकी होतात. पावसाळ्यात पडवीत २० वॅटची पांढरी एलईडी नळी रोपांच्या वर एक वीत अंतरावर टांगावी व १४ तास लावावी. साडेतीन दिवसांत एक युनिट वीज जाते. रात्रभर मात्र ठेवू नये. झाडालाही काळोख लागतो, आणि झेंडूला जास्त उजेड दिला तर कळ्या उशिरा धरतात.

आता आरोग्याची गोष्ट, आणि ही आम्ही आग्रहाने सांगतो. डेंग्यूचा डास घाण पाण्यात नव्हे, घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. उघडा राहिलेला एक डबा घरच्यांनाच नव्हे तर शेजारच्या लेकरांनाही अंथरुणाला खिळवू शकतो. कप आणि डब्याचे तोंड यांत फट असेल तर कापूस किंवा चिंधी कोंबावी, दर आठवड्याला कप उचलून पाहावे, वळवळ दिसली की पाणी लगेच ओतून द्यावे. दुसरे असे की ही खते दिसायला मीठ-साखरेसारखी असतात. ती स्वयंपाकघरात ठेवू नयेत, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नयेत.

कोणते फूल केव्हा पेरावे? ८ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मदिनासाठी बुटका झेंडू जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरावा, मृतांच्या दिवसासाठी ऑगस्टअखेर. नाताळासाठी आम्ही अॅस्टर सुचवू. त्याला साडेतीन ते चार महिने लागतात, म्हणून सप्टेंबर लागताच पेरणी हवी. मातीत अॅस्टरला मर रोगाचा मोठा त्रास असतो, तो येथे बराच टळतो. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचे कामिनी आणि पूर्णिमा हे वाण चांगले आहेत. आगमनकाळात वेदीवरची फुले बेताचीच असतात, तेव्हा फुले चार दिवस अलीकडे उमलली तर घाई करून चर्चमध्ये आणू नयेत. कापून गार जागी पाण्यात ठेवली तर अॅस्टर नाताळपर्यंत टिकतो.

हे सगळे घरापुरते आहे. नळ्या, पंप आणि टाक्यांचे तयार संच विकणारे लोक गावोगाव फिरतात व फुलांतून महिन्याला अमुक मिळेल असे सांगतात. त्यासाठी सोसायटीचे कर्ज काढू नये. विकायचा झेंडू शेतातच लावावा. घरात मातीविना केलेली निरोगी रोपे पाऊस ओसरल्यावर सरीवर लावली तर शेतकऱ्याला या विद्येचा खरा फायदा तोच. संकरित झेंडूचे बी धरून पुढच्या वर्षी पेरले तर फुले सारखी येत नाहीत, म्हणून बी दरवर्षी नवे घ्यावे.

फुले झाल्यावर डब्यात उरलेले खताचे पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकू नये. ते नारळाच्या किंवा केळीच्या आळ्यात ओतावे, आणि डबा धुऊन उन्हात उपडा घालून ठेवावा.