पोहण्याच्या कपड्यांचे फोटो आणि हलका कॅमेरा

उमरगा हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. येथील कापडवाल्याला व शिलाई कारागिराला बाहेरगावचे गिऱ्हाईक नवे नाही. आता मात्र ते दुकानात न येता मोबाईलवरचा फोटो पाहूनच माल मागवते. २००४ साली ऑस्ट्रेलियात अहेदा झनेट्टी यांनी 'बुर्किनी' हा अंगभर पोहण्याचा पोशाख तयार केला. असे कपडे आपले कारागीरही शिवू शकतात. विक्रीची मदार मात्र फोटोवर.

येथे आम्ही स्वतः एकदा फसलो आहोत. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली गडद निळ्या कपड्याचे फोटो काढले, ते काळे उमटले. काळा समजून मागवलेला माल परत आला आणि जाण्या-येण्याचे भाडे आमच्या अंगावर पडले. तेव्हापासून आम्ही उघड्यावरच फोटो काढतो, सकाळी नाहीतर चार वाजल्यानंतर. भर दुपारचे ऊन घेऊ नये. सावल्या काळ्याकुट्ट पडतात.

त्यासाठी जड कॅमेरा लागतोच असे नाही. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात भिंगामागे आरसा असतो, त्यामुळे पेटी मोठी होते. २००८ साली पॅनासॉनिक व ऑलिंपस यांनी आरसा काढून टाकलेली 'मायक्रो फोर थर्ड्स' पद्धत जाहीर केली. त्यातील सेन्सर १७.३ बाय १३ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या ३६ बाय २४ च्या चौकटीपेक्षा बराच लहान. सेन्सर लहान म्हणून भिंगही लहान. ऑलिंपसचे ४५ मिलिमीटरचे एफ १.८ भिंग अवघे ११६ ग्रॅमचे आहे, आणि माणसाचा किंवा पुतळ्याचा फोटो त्यात चांगला येतो. अंधारात अशा कॅमेऱ्याच्या फोटोत दाणे लवकर उठतात हे खरे, पण उन्हात काम करणाऱ्याला त्याचे काय! सेकंडहँड घेतला तरी चालतो, मात्र सेन्सरवर बुरशी किंवा ओरखडे नाहीत ना, ते पाहूनच पैसे द्यावेत.

आता मुख्य अडचण. कॅमेऱ्याचे मीटर प्रत्येक वस्तू मध्यम करड्या रंगाची समजते. म्हणून काळा कपडा फिकट आणि पांढरा मळकट उमटतो. काळ्याला प्रकाश थोडा कमी करावा, पांढऱ्याला वाढवावा. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात बटण दाबण्याआधीच फोटो कसा येणार ते दिसते, नवशिक्याला हा मोठा आधार. रंगासाठी पहिल्या फोटोत करड्या रंगाचे कार्ड ठेवावे.

नायलॉन-स्पॅन्डेक्सच्या कापडाला चकाकी असते, पाण्यालाही. भिंगावर पोलरायझर लावून कडी हळूहळू फिरवावी, चकाकी मावळते आणि खरा रंग वर येतो. प्रकाश मात्र दीड-दोन स्टॉपने घटतो. सावलीच्या बाजूला पांढरी चादर धरली की शिवण स्पष्ट दिसते. ओले कापड गडद दिसते, म्हणून एक फोटो कोरड्या कपड्याचा व एक ओल्याचा द्यावा आणि खाली तसे लिहावे.

कपडा पुतळ्याला घालूनच फोटो काढणे आम्हाला बरे वाटते. माणूस उभा केलाच तर त्याची लेखी संमती घ्यावी.