विश्लेषण : वेबची ‘माहितीपुस्तिका’ कोण लिहिते, कोण सांभाळते?

संकेतस्थळे घडवणारे प्रोग्रामर अडले की बहुतेकदा ‘एमडीएन वेब डॉक्स’ उघडतात. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या वेबच्या पायाभूत तंत्रांची ही माहितीपुस्तिका असंख्य हातांनी लिहिली आहे. मात्र, सर्वांचे असलेले काम सांभाळायचे कोणी, हा प्रश्न तिलाही चुकला नाही.

सुरुवात कशी झाली?

नेटस्केपचे ‘डेव्हएज’ हे तंत्रज्ञांसाठीचे संकेतस्थळ २००४ मध्ये बंद पडले. त्यातील मजकूर वापरण्याची परवानगी ‘एओएल’कडून मिळवून मोझिलाने २००५ मध्ये नवा प्रकल्प सुरू केला. तो विकी स्वरूपाचा असल्याने नोंदणी करून कोणालाही पान सुधारता येई. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, गूगल, सॅमसंग हे स्पर्धक आणि ‘डब्ल्यूथ्रीसी’ ही वेबचे मानदंड ठरवणारी संस्था यात सहभागी झाली. एकाच तंत्राची माहिती प्रत्येकाने वेगळी लिहिण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

सामूहिक लेखन का लागते?

प्रणाली बनवणाऱ्याला जे उघड वाटते, ते तो लिहीतच नाही. नवखा नेमका तिथेच अडतो. म्हणून अडलेल्यानेच ती ओळ दुरुस्त करणे सर्वात उपयोगी ठरते. शिवाय ब्राउझर सतत बदलतात. कालचे बरोबर उत्तर आज चुकीचे ठरू शकते.

२०२० मध्ये काय घडले?

ऑगस्टमध्ये मोझिलाने सुमारे २५० जणांना कमी केले. त्याची झळ एमडीएनच्या लेखकांनाही बसली. स्वयंसेवक होते, पण आलेली दुरुस्ती तपासणारे, जुनी पाने शोधून काढणारे पूर्णवेळ हात घटले. डिसेंबरमध्ये मजकूर गिटहबवर हलवण्यात आला. तिथे बदल थेट छापला जात नाही. आधी प्रस्ताव, मग तपासणी आणि नंतर स्वीकार. जानेवारी २०२१ मध्ये ‘ओपन वेब डॉक्स’ हा उपक्रम सुरू झाला. कंपन्या आणि व्यक्तींच्या देणग्यांतून तो लेखकांना मोबदला देतो.

मराठीचे काय?

एमडीएनच्या फ्रेंच, जपानी, कोरियन अशा मोजक्याच आवृत्त्या चालू आहेत. त्यांत मराठी नाही. भाषांतर एकदा करून भागत नाही. मूळ पान बदलले की तेही बदलावे लागते आणि त्यासाठी टिकून राहणारा गट हवा. माहितीपुस्तिका अनेकांनी लिहिता येते, पण तिची रोजची देखभाल ही कोणाची तरी ठरलेली जबाबदारी असावी लागते.