नर्सिंगला मायनर नसतो, मग काय असतं?

मागच्या आठवड्यात बी.ए., बी.कॉम.च्या मेजर-मायनरचं गणित पाहिलं. आता मानखुर्द-गोवंडीकडच्या घरांत हमखास निघणारा प्रश्न: मुलगी बी.एस्सी. नर्सिंगला आहे, तिने मायनर कोणता घ्यायचा?

कुठलाच नाही. नर्सिंगचा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषद ठरवते. 2021च्या सुधारित अभ्यासक्रमात मायनर नाही, इलेक्टिव्ह आहेत: तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला एक, पाचव्या-सहाव्याला एक, सातव्या-आठव्याला एक. प्रत्येकी 1 क्रेडिट, म्हणजे 20 तास. बी.ए.चा मायनर 18 ते 20 क्रेडिटचा असतो, तेव्हा तुलना ताणू नये.

पहिल्या गटात मानवी मूल्ये, सॉफ्ट स्किल्स आणि मधुमेह. सॉफ्ट स्किल्स सोपं म्हणून मुली तिकडे वळतात. माझं मत मधुमेहाला. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधल्या 225 चौरस फुटांच्या खोलीत होम व्हिजिटला गेलं, की फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन कुठे ठेवायचं हे सांगावं लागतं. मातीच्या मडक्यात ठेवा म्हणणं सोपं. पण औषधाला पाणी लागू नये, मडकं उन्हात नसावं, हे बघणारी सिस्टर लागते. शिवाय पेशंटला चप्पल काढायला लावून बोटांच्या बेचक्या तपासायच्या. पायाला जखम झाली तरी त्याला कळलेलं नसतं.

दुसऱ्या गटात बरंच काही आहे: किशोरवयीन आरोग्य, रजोनिवृत्ती, क्रीडा आरोग्य, आरोग्याचं अर्थशास्त्र, व्यसनाधीनतेवरील मानसोपचार. मानखुर्द-गोवंडीच्या एम-पूर्व वॉर्डात पोस्टिंग असलेल्या मुलीला शेवटचा विषय रोज उपयोगी पडेल. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडणाऱ्याच्या घरात दारू आहे का, हे विचारायलाही शिकावं लागतं.

तिसऱ्या गटातलं स्तनपान व्यवस्थापन मात्र मुली उगाच हलक्यात घेतात. ‘त्यात काय शिकायचं?’ बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र नव्हे, भोवतीचा काळा भागही जायला हवा. नाहीतर आईला भेगा पडतात, बाळ उपाशी राहतं आणि दुसऱ्या दिवशी दुधाच्या पावडरचा डबा आणला जातो. धुणीभांडी करायला बाहेर पडणाऱ्या बाईला दूध हाताने काढून ठेवायला शिकवणं हेही याच 20 तासांतलं काम. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली सायन हॉस्पिटलात सुरू केली. मानखुर्दहून ते फार लांब नाही.

इलेक्टिव्हला उत्तीर्ण व्हायला 40 टक्के पुरतात, इतर बहुतेक विषयांना 50 लागतात. म्हणून मार्कांचा हिशोब बाजूला ठेवून निवडता येतं. फक्त यादीत नाव आहे म्हणजे आपल्या कॉलेजात ते शिकवलं जातं असं समजू नका. प्रवेश घेतानाच विचारा: गेल्या वर्षी कोणती इलेक्टिव्ह प्रत्यक्ष चालली, आणि शिकवलं कुणी?

पुढच्या आठवड्यात पदवीनंतरच्या एम.एस्सी.च्या शाखा.